मासे मेले, म्हणजे कुणी विष टाकलं?

उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा वळवाच्या पहिल्या सरीनंतर शहरातल्या एखाद्या तळ्यात मेलेल्या माशांचा खच दिसतो आणि ‘कुणीतरी विष कालवलं’ अशी बोलवा उठते. कधी रसायन हे कारण असतंही. पण पुष्कळदा मासे गुदमरून मेलेले असतात. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. माशांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे किमान ४ मिलिग्रॅमचा. उन्हाळ्यात मुळातच कमी असलेला हा साठा सांडपाणी कुजवणारे जिवाणू फस्त करत राहतात. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र नुसता वापरतं. त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. वळवाची सर आली की रस्त्यावरची घाण पाण्यात उतरते, तळाचा गाळ ढवळला जातो आणि ढगाळ हवेत शेवाळाचं दिवसाचं कामही मंदावतं. पाण्याचा नमुना मात्र घेतला जातो कचेरीच्या वेळेत, भर उन्हात, आणि त्यात प्राणवायू चांगला भरतो!

जलपर्णीलाच रोग समजणं हा दुसरा घोळ. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. तिचा गालिचा पाण्यावर पसरला की ऊन आणि हवा अडते, म्हणून ती काढायलाच हवी. पण काढून काठावरच ढीग घातला, तर ती कुजून तेच खत पावसाबरोबर परत पाण्यात जातं. औषध फवारून मारली, तर तळाशी बसून कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते. शिवाय तिचं बी गाळात वर्षानुवर्षं तग धरतं. नाला तसाच वाहता ठेवून दर वर्षी जलपर्णी काढण्याची निविदा काढायची, यात ठेकेदाराची सोय उत्तम होते.

मूर्तिविसर्जनानेच नद्या बिघडल्या, असंही ठासून सांगितलं जातं. प्लास्टर ऑफ पॅरिस लवकर विरघळत नाही, रंगही घातक असू शकतात. कृत्रिम हौद हवेतच. पण उत्सव संपतो, मैला बाराही महिने येतो. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यातले ५३, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रात. ही यादी बीओडीवर बेतलेली आहे: पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागतो, त्याचं हे माप.

तळ्यामुळे डेंग्यू पसरतो, ही भीती तर अस्थानीच. त्याचा डास वाढतो घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या टायरमध्ये.

काठ बांधला, कारंजं लावलं, दिवे सोडले की तळं ‘सुधारलं’ म्हणतात. कारंज्याने थोडी हवा मिसळते, हे खरं. पण येणाऱ्या मैल्यापुढे तिचा कितीसा पाड लागणार? उभ्या भिंतीमुळे उथळ, चिखलाची कड जाते. तिच्याबरोबर पाणकणीस आणि लव्हाळे जातात, आणि त्यात घरटी करणाऱ्या टिबुकल्या, जांभळ्या पाणकोंबड्याही. पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर पट्ट्यातल्या काठांचं सुशोभीकरण हाती घेतलंय. माझ्या मते आधी नाले अडवून पाणी शुद्ध करायला हवं, काठ नंतर.

आणि शेवटी ‘पावसाळ्यात नदी आपोआप धुऊन निघते’ हा दिलासा. खडकवासला धरणातून पाणी सुटलं की पुण्याच्या पुलांखालची मुठा खरंच उजळ दिसते. पण वाहून गेलेली घाण नाहीशी होत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात शिरते, आणि उजनीचं पाणी सोलापूरकर पितात.