लग्नात नाचायला लाज वाटते?

लग्नसराई आली की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात. हळदीला बेभान उड्या मारून गुडघा सुजवून घेतलेले, आणि भीड मोडावी म्हणून ‘थोडीशी’ घेऊन नाचताना पडलेले. मी स्वतः तिसऱ्या प्रकारातला. वाजंत्री सुरू झाली की पंगतीकडे पळणारा.

गेल्या उन्हाळ्यात जव्हारजवळ शिरपामाळाच्या बाजूच्या एका पाड्यावर लग्नाला गेलो होतो. सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज थांबल्याचे सांगतात, तोच हा माळ. रात्री तारपा सुरू झाला. वाळलेल्या दुधी भोपळ्याचे हे वाद्य फुंकणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेले नाचणारे त्याच्याभोवती. एका आजींनी मला ओढलेच. हात गार पडले, तोंडाला कोरड, छातीत धडधड! लोक आपल्याला पाहताहेत असे वाटले की शरीरात ॲड्रेनॅलीन वाढते, स्नायू आखडतात. आखडलेला पाय ठेका चुकणारच.

“पायांकडं नको बघू भाऊ, माझ्यासंगं चाल,” आजी म्हणाल्या. खरेच, माझ्याकडे कुणीच पाहत नव्हते. सगळ्यांचे लक्ष तारपेकऱ्याकडे. चार फेऱ्यांत श्वास ताळ्यावर आला.

डीजेपुढे अशी साखळी नसते. तिथे पहिली पाच-दहा मिनिटे कडेला उभे राहून टाळ्या वाजवा, नुसते पाय बदला, खांदे सैल सोडा. उड्या नंतर, आणि चाळिशीनंतर सवय नसेल तर नकोतच. नाचताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. धापेने वाक्य तुटू लागले की वेग कमी करा. वैशाखातल्या उकाड्यात मधूनमधून पाणी किंवा लिंबूसरबत घ्या. दारूने भीड जाते, पण तोलही जातो. स्पीकरच्या तोंडाशी तर कुणीच नाचू नये. कानांना ते सोसत नाही.

एक मात्र विसरू नका. लाजेची धडधड थोड्या वेळात निवते. छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असे काही झाले तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नाचत राहू नका. लगेच बसा आणि 108 ला फोन करायला सांगा.

मी अर्ध्या तासाने फेरातून बाहेर पडलो. पोटऱ्या दोन दिवस दुखत होत्या. आजी मात्र पहाटेपर्यंत नाचत होत्या.