पडद्याआड गेलेले अ‍ॅप काय करते?

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पाहिले, तर बऱ्याच जणांचा अंगठा एकाच कामात गुंतलेला दिसतो. उघडलेल्या अ‍ॅप्सची पाने एकेक करून वर सरकवायची आणि काढून टाकायची. याने फोन हलका होतो, बॅटरी वाचते, असा समज असतो. व्याख्यानानंतर विद्यार्थीही आम्हाला हमखास विचारतात, ‘मागे चालू असलेली अ‍ॅप्स बंद करायला हवीत ना?’ उत्तर देण्याआधी ‘मागे चालू’ म्हणजे काय, ते पाहायला हवे. कारण त्या पानांमधली बहुतेक अ‍ॅप्स चालू नसतातच.

सुरुवात प्रोसेसरपासून करू. प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकाच प्रोग्रॅमच्या आज्ञा पाळतो. आजच्या बऱ्याच फोनांत असे आठ गाभे असतात, पण कामे शेकड्यांनी असतात. मग सगळे एकदम चालल्यासारखे कसे वाटते? द्विशिक्षकी शाळेत शिकवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता. तिसरीला गणिते घालून द्यायची, पहिलीकडे वळायचे, अक्षरे गिरवून घ्यायची, पुन्हा तिसरीकडे. प्रत्येक वेळी कुठे थांबलो होतो, ते लक्षात ठेवावे लागते. प्रोसेसरही हेच करतो. काही हजारांश सेकंद एक काम केले, की त्याची स्थिती नोंदवून तो दुसरे हाती घेतो. पाळ्या लावणाऱ्या भागाला शेड्युलर म्हणतात. ही युक्ती फोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६१ साली एक मोठा संगणक अशाच पाळ्या लावून अनेकांना एकाच वेळी वापरता येतो, हे दाखवले गेले होते.

मात्र फोनची खरी अडचण वेगळीच आहे. टेबलावरच्या संगणकाला सतत वीज मिळते आणि मेमरी भरली, तर तो तिच्यातील मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतो. फोनची बॅटरी तळहाताएवढी. त्याच्या साठवणुकीच्या चिपवर पुनःपुन्हा लिहिले, तर ती झिजते. म्हणून फोन सहसा मेमरीतला मजकूर आधी दाबून लहान करतो, आणि तेही पुरले नाही तर सरळ एखादे अ‍ॅप संपवतो. कोणते संपवायचे, याची उतरंड ठरलेली असते. अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचे अ‍ॅप सर्वांत सुरक्षित. मग गाणे वाजवणारे किंवा रस्ता दाखवणारे. सर्वांत खाली, तुम्ही सोडून गेलेली आणि नुसतीच मेमरीत पडून असलेली. जागा लागली की त्यांचा बळी आधी जातो, आणि त्यातही बहुधा सर्वांत जुन्याचा.

आयफोनमध्ये तर अ‍ॅप पडद्याआड गेले, की त्याला काम आवरायला थोडाच वेळ मिळतो. मग ते गोठवले जाते. गोठलेले अ‍ॅप मेमरीत असते, पण त्याला प्रोसेसरचा एक क्षणही मिळत नाही. अलीकडच्या अँड्रॉइडमध्येही पडून असलेली अ‍ॅप्स अशीच गोठवतात. ‘पण मेमरी तर खाते ना?’ खाते. मात्र मेमरीच्या चिपला आतला मजकूर टिकवण्यासाठी ठरावीक काळाने उजाळा द्यावा लागतो, आणि ती भरलेली असो वा रिकामी, त्याला जवळजवळ तेवढीच वीज लागते. म्हणजे मेमरी रिकामी ठेवून बॅटरी वाचत नाही. उलट सरकवून काढलेले अ‍ॅप पुन्हा उघडताना सगळे नव्याने मेमरीत आणावे लागते. गोठलेले जागे करण्यापेक्षा ते महाग पडते. ॲपलच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी २०१६ साली एका ग्राहकाला हेच कळवले होते, की आपण स्वतः अ‍ॅप्स अशी बंद करत नाही आणि बॅटरीसाठी तशी गरजही नाही. अ‍ॅप अडकले असेल, तर ते काढावे. एरवी अंगठ्याला विश्रांती द्यावी.

वर्गात हे दाखवायला सोपा प्रयोग आहे. पाच-सहा अ‍ॅप्स उघडा, फोन पूर्ण बंद करा आणि पुन्हा सुरू करा. अनेक फोनांत ती पाने जशीच्या तशी दिसतात. नुकत्याच सुरू झालेल्या फोनमध्ये ती अ‍ॅप्स चालू असणे शक्यच नाही. ती पाने म्हणजे अ‍ॅप सोडताना फोनने काढून ठेवलेली छायाचित्रे!

अ‍ॅप झोपले, तर निरोप कसे येतात? प्रत्येक अ‍ॅप दर दोन मिनिटांनी उठून ‘काही आले का?’ विचारू लागले, तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही. कारण नेटवर्कशी बोलणे संपल्यावरही फोनचा रेडिओ काही सेकंद जागाच राहतो. म्हणून फाटकावर एकच शिपाई. फोनची प्रणाली कंपनीच्या संगणकाशी एकच जोडणी राखते आणि निरोप आला, की त्या त्या अ‍ॅपला कळवते. आयफोनवर ही सोय २००९ साली आली. पुढच्याच वर्षी बाहेरच्या अ‍ॅप्सना पडद्याआड काही मोजकी कामे करण्याची मुभा मिळाली. अँड्रॉइड आधी बरेच सैल होते. २०१५ पासून, स्थिर पडलेल्या फोनमध्ये अ‍ॅप्सना अधूनमधूनच जागे होऊ द्यायची पद्धत आली आणि २०१७ साली नियम आणखी कडक झाले.

हे नियम किती दूरवर पोचतात, ते २०२० साली दिसले. कोविडच्या साथीत सिंगापूरने मार्चमध्ये ‘ट्रेसटुगेदर’ हे अ‍ॅप काढले. जवळ आलेल्या फोनांनी ब्लूटूथवरून एकमेकांची नोंद ठेवायची, अशी ती कल्पना. आपल्याकडचे ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिलला आले. त्यातही ब्लूटूथ होते. आता अशी नोंद दिवसभर, फोन खिशात असताना व्हायला हवी. आयफोन तर पडद्याआडचे अ‍ॅप झोपवतो! सिंगापूरच्या आयफोनधारकांना ते अ‍ॅप पडद्यावर उघडे ठेवण्याची सूचना द्यावी लागली. ब्रिटनने मे महिन्यात आइल ऑफ वाइट बेटावर आपल्या अ‍ॅपची चाचणी घेतली. जूनमध्ये सरकारने जाहीर केले, की ते अँड्रॉइड फोनांपैकी ७५ टक्के ओळखते, पण आयफोनांपैकी अवघे ४ टक्के. ते अ‍ॅप सोडून द्यावे लागले. दरम्यान ॲपल आणि गूगल यांनी एकत्र येऊन ही नोंद प्रणालीतच करण्याची सोय दिली होती, पण स्वतःच्या अटींवर. तिच्यावर आधारलेल्या अ‍ॅपला स्थानाची माहिती गोळा करता येणार नव्हती. खासगीपणाच्या दृष्टीने ही अट आम्हाला योग्यच वाटते. पण एका देशाच्या आरोग्यखात्याचे अ‍ॅप खिशात जागे राहील की नाही, हे दोन कंपन्यांच्या हाती होते, हेही खरे.

लहान प्रमाणावर हा अनुभव आपल्यालाही येतो. काही फोन-उत्पादक बॅटरी अधिक टिकावी म्हणून मूळ अँड्रॉइडहूनही कडक नियम लावतात. मग औषधाची आठवण करून देणारे अ‍ॅप वेळेवर वाजत नाही, किंवा हजेरी पाठवायला लावून फोन खिशात टाकला तर ती अर्ध्यावरच राहते. अशा अ‍ॅपपुरती फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीची बंधने काढता येतात. तिथेच कोणत्या अ‍ॅपने किती बॅटरी वापरली, याची यादी असते, आणि बऱ्याच फोनांत पडद्याआडचा वेळही निराळा दिलेला असतो. विद्यार्थ्यांना आपापल्या घरच्या फोनवरची ही यादी आठवडाभर वहीत उतरवून आणायला सांगावी. पडद्याआड खरोखर जागे राहणारी अ‍ॅप्स त्यात लगेच सापडतील. ती बहुधा दोन-चारच असतात.