कक्षा गेल्या, पण संपल्या नाहीत

नवा सिद्धांत प्रस्थापित झाला की जुना मोडीत निघतो, असा विज्ञानाविषयी एक समज रूढ आहे. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग व श्रोडिंजर यांनी पुंजयामिकी उभी केली आणि अणूत ग्रहांप्रमाणे फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचे चित्र पुसले गेले, असे विद्यार्थी पाठ करतो. ही हकिगत खोटी नव्हे. मात्र ती अपुरी आहे.

नील्स बोर यांनी १९१३ मध्ये हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या काढल्या, त्या न्यूटनच्या यामिकीतील कक्षा घेऊनच. त्यांपैकी कोणत्या कक्षा ग्राह्य मानायच्या, एवढाच निर्बंध प्लांकच्या स्थिरांकाने घातला. पुढे सॉमरफेल्ड यांनी हा नियम विस्तारला. परंतु दोन इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमपाशी तो अडखळला. १९२२-२३ च्या सुमारास व्हॅन व्लेक व क्रॅमर्स यांनी कसून केलेले गणित प्रयोगाशी जुळेना, आणि ही रीत त्याज्य ठरली.

दोष कोठे होता, याची खूण आइनस्टाइन यांनी १९१७ मध्येच एका निबंधात दाखवली होती. गती नियमबद्ध असेल तेथेच हा नियम लावता येतो; ती बेबंद असेल तेथे तो लावण्यास आधारच उरत नाही, असे त्याचे सार. या निबंधाकडे पुढे कित्येक दशके फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९७१ मध्ये मार्टिन गुट्झविलर यांनी वाट काढली. बेबंद गतीतही काही कक्षा फिरून मूळ स्थितीला येतात. अशा एकेका कक्षेवर विसंबून न राहता साऱ्यांचा वाटा, तरंगांची बेरीज करावी तसा, एकत्र केला तर ऊर्जापातळ्यांचा माग लागतो, असे त्यांचे सूत्र सांगते. याच मार्गाने १९९१-९२ मध्ये विंटगेन, रिश्टर, टॅनर आदींनी हेलियमच्या किमान ऊर्जेचे मूल्य काढले. ते खऱ्या मूल्यापासून सुमारे एक टक्काच दूर होते.

याचा अर्थ इलेक्ट्रॉन खरोखरच कक्षेत धावतो, असा नव्हे. ज्या चौकटीवर तरंग आकार घेतो ती चौकट मात्र जुन्या यामिकीतून मिळते. संगणक अचूक आकडा देतो. तो तसाच का आला, हे पुष्कळदा ही 'अर्ध-अभिजात' रीतच उलगडून सांगते. बोर यांची कक्षा शिकवताना अध्यापकांनी 'हे चूक होते' एवढ्यावर थांबू नये. ते कोठवर खरे होते, हे सांगितल्याखेरीज विज्ञान शिकवून पुरे होत नाही.