महामार्गावरील वेगात मोटारीच्या चाकांना होणारे सततचे कंपन : कारणमीमांसा व निदानाची पद्धती

प्रस्तावना

जळकोटसारख्या डोंगरी तालुक्याच्या गावाहून लातूर किंवा नांदेड गाठावयाचे झाल्यास अहमदपूर अथवा शिरूर ताजबंद येथे नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ ला लागावे लागते. हा मार्ग अरुंद व खड्ड्यांचा होता, तोपर्यंत मोटारीचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे क्वचितच जात असे. चौपदरीकरणानंतर तोच वेग सहज ९० ते १०० होतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा खुला झालेल्या समृद्धी महामार्गावर तर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. रस्ते सुधारले आणि वर्षानुवर्षे दडून राहिलेला एक दोष उघडकीस येऊ लागला. ठरावीक वेगाला सुकाणूचक्र थरथरते, आसन कापते, वेग कमी केला की सारे शांत होते. रोज ये-जा करणाऱ्या अनेक प्राध्यापकांच्या हा अनुभवाचा विषय आहे. गॅरेजमध्ये मात्र त्यावर बहुधा अंदाजाने उपचार होतात आणि पैसा खर्चूनही दोष कायम राहतो. या कंपनाचे कारण क्रमाने कसे शोधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वेग वाढताच कंपन का वाढते?

चाकाचे वस्तुमान त्याच्या आसाभोवती सर्व बाजूंनी समान विभागलेले नसेल, तर जड भाग फिरताना केंद्रोत्सारी बल निर्माण करतो. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. येथेच सर्व गोष्टीचे मर्म आहे. लहान मोटारींत प्रचलित असलेल्या १७५/६५ आर १४ या मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.८३ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला असे चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे घेते. रिमच्या कडेला केवळ ३० ग्रॅमचा असमतोल असला, तरी या वेगाला सुमारे ४८ न्यूटन, म्हणजे जवळजवळ पाच किलोच्या वजनाएवढे बल निर्माण होते आणि त्याची दिशा दर फेऱ्याला पूर्ण फिरते. ताशी ४० किलोमीटरला हेच बल आठ न्यूटनहूनही कमी असते. गावातील रस्त्यावर मोटार चालवून पाहणाऱ्या कारागिरास दोष जाणवत नाही, याचे कारण हे आहे. त्याचे म्हणणे खोटे नसते, केवळ त्याची परीक्षा अपुऱ्या वेगाची असते.

दुसरी बाब अनुनादाची. स्प्रिंगच्या खाली असणारे चाक, हब व ब्रेक यांच्या समूहाची नैसर्गिक वारंवारिता साधारणपणे सेकंदाला १० ते १५ आवर्तने इतकी असते. वर सांगितलेल्या टायरच्या बाबतीत ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाला चाकाचे फेरे नेमके याच पट्ट्यात येतात, म्हणून कंपन तेथे सर्वाधिक जाणवते व त्यापुढे काहीसे कमी होते. "थोडा वेग वाढवला की थरथर थांबते" असे समाधान मानणारे चालक पुष्कळ आहेत. वस्तुतः त्या वाढीव वेगाला असमतोलाचे बल अधिकच झालेले असते. मोटारीचे शरीर त्याला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही, एवढेच. बेअरिंग व टायर मात्र तो मार सहन करीतच असतात.

निदानाची दिशा

निदानाचा आरंभ हत्याराने न करता निरीक्षणाने करावा. कंपन सुकाणूचक्रात अधिक जाणवत असेल तर संशय पुढील चाकांवर घ्यावा, आसनात व तळाशी जाणवत असेल तर मागील चाकांवर. ते फक्त ब्रेक लावताना येत असेल, तर ब्रेकच्या तबकडीची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही असे समजावे. तेथे चाकांचे संतुलन करून उपयोग नाही. अॅक्सिलरेटर दाबताना कंपन वाढत असेल व सोडताच ओसरत असेल, तर पुढील चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याचा आतील सांधा झिजलेला असण्याची शक्यता मोठी. मोकळ्या व सुरक्षित रस्त्यावर त्याच वेगाला क्षणभर गिअर न्यूट्रल करून पाहावे. इंजिन चालूच ठेवावे, कारण ते बंद केल्यास ब्रेक व सुकाणूचे साहाय्य जाते. कंपन तसेच राहिले तर इंजिनाचा संबंध संपला.

भौतिकशास्त्र विभागातील सहकाऱ्यांना येथे आणखी एक सोय आहे. स्मार्टफोनमधील त्वरणमापकाच्या साह्याने कंपनाची वारंवारिता मोजता येते. ताशी ९० किलोमीटरला वरील टायरचे चाक सेकंदाला सुमारे १३.७ फेरे घेते. नोंद १३ ते १४ ची आली तर दर फेऱ्यास एक धक्का, म्हणजे असमतोल किंवा गोलाई बिघडलेले चाक. २७ च्या आसपास आली तर दर फेऱ्यास दोन धक्के, म्हणजे टायर वा रिम लंबगोल झालेली असणे संभवते. ४१ च्या जवळपास आली तर तीन फिरक्यांच्या आतील सांध्याकडे बोट जाते. मोजणीच्या वेळी मोटार दुसऱ्याने चालवावी, हे सांगणे अनावश्यक वाटले तरी सांगितलेच पाहिजे.

संतुलन आणि संरेखन यांची गल्लत

गॅरेजमधील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट हे दोन शब्द आपल्याकडे जोडीने उच्चारले जातात व जोडीनेच त्यांचे पैसे घेतले जातात. त्यांचा परस्परांशी संबंध अल्प आहे. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडल्यास मोटार एका बाजूस ओढते आणि टायर एका कडेने झिजतो. एकसारखे कंपन हे त्याचे लक्षण नव्हे. लेखकाच्या मते थरथरीची तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकास प्रथम अलाइनमेंट सुचविणे, ही आपल्याकडील सर्वांत खर्चिक चूक आहे.

एका सहकाऱ्यांच्या मोटारीचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे त्यांच्या मोटारीचे सुकाणूचक्र थरथरत असे. तीनदा अलाइनमेंट झाले, दोनदा बॅलन्सिंग झाले, अखेर पुढील दोन्ही टायर नवे बसविले, तरी दोष तसाच राहिला. मग पुढील चाके मागे व मागील पुढे अशी अदलाबदल केली. थरथर सुकाणूतून आसनात गेली. या एका बिनखर्चाच्या प्रयोगाने हे सिद्ध झाले की दोष चाकाबरोबर प्रवास करतो, म्हणजेच तो सांध्यांत वा हबमध्ये नाही. टायर नवे होते, तेव्हा उरली रिम. मोटार सपाट जागी उभी करून, इतर चाकांना दगडाची उटी लावून, एक चाक जॅकवर उचलले. शेजारी विटांच्या थरावर खिळा अशा रीतीने ठेवला की त्याचे टोक रिमच्या आतील कडेजवळ येईल. चाक हाताने सावकाश फिरविताच एका जागी फट स्पष्टपणे रुंदावली. एखाद्या खड्ड्याने आतील कड वाकविली होती आणि बाहेरून ती दिसत नव्हती. साधारण एक मिलिमीटरहून अधिक फरक संशयास्पद मानावा. येथे तो डोळ्यांना दिसण्याइतका होता. रिम बदलल्यावर थरथर गेली.

मग संतुलनाच्या यंत्राने दोष का दाखविला नाही? त्याचे कारण असे की ते यंत्र वजनाची वाटणी मोजते, आकार मोजत नाही. वाकड्या रिमवरही योग्य जागी वजने चिकटवून काटा शून्यावर आणता येतो. चाक तोलले जाते, पण गोल होत नाही, आणि रस्त्यावर ते दर फेऱ्यास धक्का देतच राहते.

आपल्या भागातील काही विशेष कारणे

मराठवाड्यातील काळी चिकण माती हे यांतील पहिले. पावसाळ्यात शेताकडील वाटेने मोटार नेली की रिमच्या आतील बाजूस चिखलाचा थर बसतो व वाळून घट्ट होतो. शंभर-दोनशे ग्रॅमचे हे ढेकूळ वरील गणितातील ३० ग्रॅमच्या कितीतरी पुढचे आहे. यासाठी यंत्राकडे जाण्यापूर्वी चाके आतून धुवावीत. हा उपाय इतका साधा आहे की तो सुचविणाऱ्यास कमीपणा वाटतो.

उन्हाळी सुटीत महिनाभर एकाच जागी उभ्या राहिलेल्या मोटारीचे टायर टेकलेल्या जागी किंचित चपटे होतात. पंधरा-वीस किलोमीटर चालवून टायर गरम झाल्यावर हे कंपन बहुधा नाहीसे होते. तेव्हा थंड टायरवर निदान करू नये. हवेचा दाब मात्र थंड असतानाच तपासावा. पंक्चर काढल्यानंतर चाक पुन्हा बसविताना हबच्या बैठकीवर गंज किंवा माती राहिली, किंवा नट समोरासमोरच्या क्रमाने न आवळता एका ओळीने आवळले गेले, तर चाक किंचित तिरके बसते. पंक्चरनंतर थरथर सुरू झाली असेल तर हीच शंका आधी घ्यावी.

टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट व लोअर आर्मचे बुश हे झिजलेले भाग स्वतः असे नियमित कंपन सहसा निर्माण करीत नाहीत, पण चाकातील लहानसा दोष मोठा करून हातापर्यंत पोहोचवितात. उचललेले चाक डावी-उजवीकडे व वर-खाली धरून हलविल्यास त्यांतील तसेच बेअरिंगमधील ढिलाई कळते. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली मात्र कधीही शिरू नये.

तात्काळ थांबण्याजोगे लक्षण

आतापर्यंतच्या बहुतेक दोषांत चार दिवसांचा विलंब खपून जातो. एका दोषात तो खपत नाही. ताशी ३० ते ४० किलोमीटरलाच मोटार डुलू लागली आणि ही डुलणी दिवसागणिक वाढू लागली, तर टायरच्या आतील पोलादी तारांचे थर सुटू लागले असण्याचा संभव असतो. पृष्ठभागावर हात फिरविल्यास उंचवटा लागतो, बाजूस फुगा दिसतो. असा टायर महामार्गाच्या उष्णतेत व वेगात फुटू शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, पण नक्षी शाबूत असूनही जुना टायर आतून निकामी झालेला असू शकतो. म्हणून बाजूवरील चार अंकी निर्मितिक्रमांक वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. थर सुटू लागलेल्या टायरचे संतुलन करवून घेण्यासाठी त्याच चाकावर उदगीर वा लातूरपर्यंत जाण्याचा मोह होतो. तो टाळून जागेवरच राखीव चाक चढवावे आणि तेवढ्याच चाकावर, कमी वेगाने, पुढे जावे.