खनिजांची कठिनता : कसोटी, तुलना आणि मर्यादा

प्रास्ताविक

चिंचणी-तारापूर परिसरासह पालघर जिल्ह्याचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकाच्या पोकळ्यांत दुय्यम खनिजे आढळतात. कॅल्साइट, स्टिल्बाइट, अपोफिलाइट व क्वॉर्ट्‌झ (गारगोटी) ही त्यांतील परिचित खनिजे होत. ही चारही अनेकदा पांढरी वा रंगहीन असतात. त्यामुळे प्रात्यक्षिकात केवळ दर्शनावरून नाव सांगणारा विद्यार्थी फसतो. अशा वेळी कठिनतेची कसोटी उपयोगी पडते. मात्र तिने नेमके काय सिद्ध होते, हे स्पष्ट असणे आवश्यक आहे.

मापक्रमाचे स्वरूप

कठिनता म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांचा चढता क्रम लावला : शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वॉर्ट्‌झ, पुष्कराज, कुरुंद आणि हिरा. या अंकांवरून क्रम कळतो, प्रमाण कळत नाही. कुरुंद ९ व हिरा १० असला, तरी हिऱ्याच्या टोकाने ठरावीक भार देऊन मोजणाऱ्या नूप पद्धतीनुसार हिरा कुरुंदाच्या तिपटीहून अधिक कठीण ठरतो. म्हणूनच मोस अंकांची सरासरी काढणे अशास्त्रीय होय.

कसोटीची पद्धत

नखाची कठिनता सुमारे २.५, तांब्याची ३, तर चाकूचे पाते व काच यांची सुमारे ५.५ मानतात. चलनातील नाणी आता तांब्याची नसल्याने तांब्याची तार वापरावी. नमुन्याचा ताजा, अविदारित पृष्ठभाग निवडून छोटी रेघ ओढावी, ती पुसावी व भिंगातून पाहावी. पुसली जाणारी रेघ हा ओरखडा नसून मऊ पदार्थाचे चूर्ण असते. त्यानंतर अदलाबदल करून उलट कसोटीही घ्यावी.

तुलना व मर्यादा

काचेवर ओरखडा उमटवणारे क्वॉर्ट्‌झ (७) इतर तिघांपासून सहज वेगळे होते. अपोफिलाइट (४.५ ते ५) फ्लोराइटवर ओरखडा काढते, स्टिल्बाइट (३.५ ते ४) काढत नाही. कॅल्साइट (३) व स्टिल्बाइट यांतील अंतर मात्र अल्प आहे. तेथे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. कॅल्साइट फसफसते. स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट यांची कठिनता सारखीच असल्याने तेथे स्फटिकरूपाचाच आधार घ्यावा लागतो. स्कोलेसाइटच्या सुईसारख्या स्फटिकांचे जुडगे ओरखडा उमटण्यापूर्वीच तुटते आणि खनिज मऊ असल्याचा भास होतो. काही खनिजांत दिशेनुसारही फरक पडतो. भंडारा जिल्ह्यात मिळणाऱ्या कायनाइटची कठिनता लांबीच्या दिशेने सुमारे ५, तर आडव्या दिशेने सुमारे ७ असते.

निष्कर्ष

कठिनतेची कसोटी खनिजाचे नाव सांगत नाही. ते कोणते नाही, हे सांगते. म्हणून विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिक वहीत केवळ अंक न नोंदवता कशाने कशावर ओरखडा उमटला, कोणत्या दिशेने उमटला आणि कोणते पर्याय बाद झाले, याची नोंद असावी. गुणदानही त्या नोंदीवरून व्हावे.