बंदूक सुरक्षा प्रमाणपत्र : परवान्यासाठी ते किती काळ ग्राह्य?

अमेरिकेत बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करताना बहुतेकांचे लक्ष बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी यांकडे असते. सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मात्र एकदा मिळाले की आयुष्यभर पुरते, असे गृहीत धरले जाते. अनेक राज्यांत ही समजूत चुकीची आहे. तेथे प्रमाणपत्राला दोन ते पाच वर्षांची मर्यादा असून, ती उलटली की प्रशिक्षण नव्याने घ्यावे लागते. व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांच्या बाबतीत तर प्रशिक्षण केव्हा घ्यावे, हा प्रश्न थेट फौजदारी कायद्याशी जोडलेला आहे.

प्रमाणपत्राची मुदत वेगळी, परवान्याची वेगळी

बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र हा अर्ज करतेवेळी द्यावयाचा पुरावा असतो. परवाना हाती आल्यानंतर प्रमाणपत्राची मुदत संपली, तरी परवाना रद्द होत नाही. टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठीचे प्रशिक्षण प्रमाणपत्र दोन वर्षे ग्राह्य असते. पहिला परवाना साधारण चार वर्षांचा असून नूतनीकरणानंतर तो पाच वर्षांसाठी मिळतो. नूतनीकरणासाठी पुन्हा वर्गात बसण्याची अट तेथे २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याविनाही पिस्तूल बाळगता येते. तथापि अन्य राज्यांत मान्यता मिळावी म्हणून अनेक जण परवाना घेतातच.

राज्यागणिक निराळा हिशेब

मेरीलँडमध्ये पिस्तूल खरेदीच्या पात्रता परवान्यासाठी, अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत पूर्ण केलेले किमान चार तासांचे प्रशिक्षण लागते. न्यू जर्सीमध्ये बंदूक खरेदीच्या ओळखपत्रासाठी ही मर्यादा चार वर्षांची आहे. या दोन्ही राज्यांत मिळणारा दस्तऐवज दहा वर्षे चालतो. मिशिगनमध्ये लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी गेल्या पाच वर्षांतील प्रमाणपत्र स्वीकारले जाते. वॉशिंग्टन राज्यात जुलै २०१९ पासून अर्धस्वयंचलित रायफल घेणाऱ्यालाही गेल्या पाच वर्षांतील प्रशिक्षणाचा पुरावा द्यावा लागतो.

सर्वत्र नूतनीकरण टेक्साससारखे सुलभ नाही. इलिनॉयमध्ये लपवून शस्त्र बाळगण्याच्या पहिल्या परवान्यासाठी १६ तासांचे प्रशिक्षण लागते, तर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना तीन तासांचे.

कॅलिफोर्निया : प्रमाणपत्र हीच खरेदीची किल्ली

कॅलिफोर्नियाची रीत निराळी आहे. तेथील अग्निशस्त्र सुरक्षा प्रमाणपत्र पाच वर्षे वैध असते आणि सवलतीचे अपवाद वगळता प्रत्येक खरेदीच्या वेळी ते चालू असावे लागते. १ जानेवारी २०१५ पूर्वी अशी अट केवळ पिस्तुलांपुरती होती; त्या दिवसापासून ती रायफल आणि शॉटगनलाही लागू झाली. लेखी परीक्षेत ३० प्रश्नांपैकी किमान २३ उत्तरे बरोबर यावी लागतात.

या प्रमाणपत्राचे नूतनीकरण होत नाही. मुदत संपल्यावर परीक्षाच पुन्हा द्यावी लागते. मात्र प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून पूर्वी कायदेशीर रीतीने घेतलेली बंदूक बेकायदा ठरत नाही. अडते ती पुढची खरेदी. हे प्रमाणपत्र म्हणजे बंदूक लपवून बाळगण्याचा परवानाही नव्हे. त्यासाठी २०२४ पासून किमान १६ तासांचे स्वतंत्र प्रशिक्षण आवश्यक आहे.

राज्य बदलल्यास

नोकरीनिमित्त राज्य बदलणाऱ्यांची येथे हमखास गफलत होते. डॅलसमध्ये गेल्या वर्षी घेतलेले प्रमाणपत्र टेक्सासच्या दृष्टीने ताजे असले, तरी एडिसनमध्ये स्थायिक झाल्यावर त्याच्यावर विसंबता येत नाही. न्यू जर्सीला तेथील राज्य पोलीस प्रमुखांनी मान्य केलेला अभ्यासक्रमच हवा असतो. त्यामुळे मुदत मोजण्यापूर्वी, ते प्रशिक्षण नव्या राज्यात मुळात मान्य आहे का, हे पाहावे लागते.

व्हिसाधारकांसाठी आधीचा प्रश्न

या सर्व नियमांच्या वर संघराज्याचा कायदा आहे. एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या व्यक्तीला बंदूक वा काडतुसे जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या गुन्ह्यासाठी १५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असून, दोषी ठरल्यास देशाबाहेर काढले जाण्याचीही शक्यता असते. राज्याचे प्रशिक्षण प्रमाणपत्र ही मनाई दूर करू शकत नाही.

बंदूक ‘जवळ बाळगणे’ म्हणजे केवळ मालकी नव्हे. शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक हाती घेणे हेही त्यात येऊ शकते. म्हणजे ज्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष गोळीबार करावा लागतो, ते प्रशिक्षणच व्हिसाधारकाला अडचणीत आणू शकते. अमेरिकेतील राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणे, हा कायद्यातील प्रमुख अपवादांपैकी एक आहे. त्याचा आधार घेण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे इष्ट. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची प्रतीक्षा दीर्घ असते. ‘कार्ड येईपर्यंत प्रशिक्षण तरी उरकून घेऊ’ हा विचार म्हणूनच दुहेरी तोट्याचा ठरू शकतो : प्रत्यक्ष गोळीबार असल्यास कायदा मोडण्याचा धोका, आणि तो नसला तरी कार्ड हाती येईपर्यंत प्रमाणपत्राची मुदत उलटण्याची शक्यता.

तेव्हा क्रम स्पष्ट असावा. प्रथम निवासी दर्जाची खात्री करावी, मग ज्या राज्यात अर्ज करायचा तेथील मान्य अभ्यासक्रम निवडावा, आणि प्रशिक्षण संपताच विनाविलंब अर्ज दाखल करावा. प्रमाणपत्रावरील तारीख आणि अर्ज दाखल होण्याची तारीख यांतील अंतरावरच त्याची ग्राह्यता ठरते. हे नियम विधिमंडळे वरचेवर बदलतात. म्हणून वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी संबंधित राज्य पोलिसांच्या किंवा न्याय विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू तरतूद पडताळून पाहावी.