बाद झालेल्या संज्ञा आणि आपले केसपेपर

2024 मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्यापूर्वीच्या प्रमाणपत्रांवर आणि औषध परवान्यांवर अहमदनगर असेच छापलेले आहे, म्हणून ती कागदपत्रे कुणी खोटी ठरवीत नाही. स्थान तेच राहिले, नाव तेवढे पालटले. व्याधींच्या संज्ञांचे इतके सरळ नसते; तेथे नाव पालटताना पुष्कळदा अर्थही सरकतो.

‘कुष्ठ’ हाच शब्द पाहावा. चरकाचार्यांनी सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत पामा, दद्रू, विचर्चिका, एककुष्ठ असे नित्य दिसणारे त्वग्विकार येतात. मराठीत लेप्रसीला पूर्वी ‘महारोग’ म्हणत. तो शब्द अवमानकारक म्हणून मागे पडला व त्याच्या जागी ‘कुष्ठरोग’ आला. एक संज्ञा निवृत्त झाली खरी, पण तिची जागा घेणाऱ्या शब्दावर आपल्या शास्त्राचा अर्थ आधीच नांदत होता. परिणाम असा की, एककुष्ठाचा एक तरुण रुग्ण आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या हाती एका रुग्णालयाचे संगणकीय पत्रक होते आणि त्यावर मराठीत केवळ ‘कुष्ठरोग’ असे उमटले होते. विवाहाची बोलणी चालू असताना ते पत्रक घरात कुणी वाचले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. 2019 च्या कायदादुरुस्तीपर्यंत लेप्रसी हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे एक कारण होते. एका शब्दाचे वजन एवढे असते.

हा प्रश्न आता केवळ पाठशाळेतला उरलेला नाही. आयुष मंत्रालयाचे ‘नमस्ते’ पोर्टल ऑक्टोबर 2017 पासून व्याधींना संकेतांक देत आहे. 10 जानेवारी 2024 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मधील पारंपरिक वैद्यकाच्या दुसऱ्या विभागाचे दिल्लीत प्रकाशन झाले. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञा आहेत. संकेतांक आला की भाषांतर आले, आणि सुधारित आवृत्ती आली की जुनी संज्ञा बाद होणे आले.

याबाबत स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय संज्ञाकोशाची रीत आम्हांस अनुकरणीय वाटते. भारत त्याचा 2014 पासून सदस्य असून राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅककडे आहे. तेथे बाद झालेली संज्ञा पुसत नाहीत. तिचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कशास देत नाहीत. ती का बाद झाली (दुबार होती, संदिग्ध होती, की चुकीची होती) हे नोंदवून, तिच्या जागी काय घ्यावे हेही दाखवतात. दुबार संज्ञेचे भाषांतर उरलेल्या संज्ञेकडे सहसा नेता येते. संदिग्ध संज्ञेचे मात्र दोन-तीन पर्याय होतात, आणि मराठी शब्द त्यांपैकी कुणाचा हे यंत्र ठरवू शकत नाही. ते जाणकार वैद्यानेच ठरवावयाचे. देवी रोगाचे उच्चाटन 1980 मध्ये जाहीर झाले, तरी जुन्या नोंदी वाचण्यास ‘मसूरिका’ लागतेच. रोग गेला म्हणून शब्द काढून टाकणे हे आम्हांस मान्य नाही.

केसपेपरवर शास्त्रीय निदान संस्कृत नावानेच, प्रकारासह लिहावे. आधुनिक निदान वेगळ्या ओळीत. एकाचे भाषांतर म्हणून दुसरे लिहू नये. आमवात म्हणजे सदैव रूमॅटॉइड आर्थ्रायटिस नव्हे, आणि शास्त्रातील मधुमेह हा वीस प्रमेहांपैकी एक आहे, हे आपण जाणतो. संगणकासमोर बसलेला लिपिक जाणत नाही.

औषधालयांच्या मालकांना हा अनुभव दुसऱ्या वाटेने येतो. गुग्गुळाचे कॉमिफोरा मुकुल हे नाव जाऊन कॉमिफोरा वाइटी आले. आवळ्याचे एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस जाऊन फायलँथस एम्ब्लिका. येथे वनस्पती तीच आहे, तेव्हा बॅच रजिस्टरात नवे नाव लिहून कंसात जुने ठेवले की भागते. ‘ब्राह्मी’चे तसे नाही. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, तर मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. बाजारात मात्र ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही मिळते. अशा ठिकाणी जुन्या बिलावरील ‘ब्राह्मी’ हा शब्द नव्या रजिस्टरात जसाच्या तसा उतरवू नये. नमुना शिल्लक असल्यास तपासून घ्यावा. नसल्यास ‘ओळख अनिश्चित’ असा शेरा मारून ठेवावा.